डॉक्टरांच्या आधी पोचणारा माणूस

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये २९ एप्रिल १९५७ रोजी केंद्र सरकारची एक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आपत्तीत सापडलेल्या माणसांपर्यंत मदत कशी न्यायची, हे शिकवणारी ती देशातली पहिलीच संस्था. १९६८ मध्ये तिचे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाले. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही १९५७ मध्येच रामपूरहून नागपुरात आले, आणि अलीकडे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनीही याच शहरात उभी राहिली. ढिगाऱ्याखालून माणूस कसा काढावा, धुराने भरलेल्या खोलीत कसे शिरावे, जखमीला कसे उचलावे, हे शिकायला देशभरातून माणसे इथे येत आली आहेत. पण ही विद्या बहुतेक गणवेशातल्या माणसांपाशीच थांबली. इतवारीतल्या एखाद्या स्वयंपाकघरात कुकरची वाफ हातावर आली की दुसरा हात आजही टूथपेस्टच्या ट्यूबकडे जातो. फीट आलेल्या माणसाच्या नाकाशी कोणीतरी कांदा किंवा चप्पल धरतेच. ज्या शहरात एवढी मोठी विद्या शिकवली जाते, तिथल्या घराघरांत तिचे पहिले चार धडे तरी पोचावेत, या इच्छेतून प्रथमोपचार या विषयाची ओळख करून देत आहे.

या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत. तुम्ही शाळेत शिकवत असाल, ऑटो चालवत असाल, कापसाच्या शेतात मजुरी करत असाल किंवा घरी म्हाताऱ्या सासूबाईंना सांभाळत असाल. इथे प्रवेशासाठी कोणतीही पदवी लागत नाही. मात्र एक समज आधीच दूर केलेली बरी. प्रथमोपचार म्हणजे डॉक्टरकीची स्वस्त किंवा अपुरी आवृत्ती, असे अनेकांना वाटते, अगदी काही डॉक्टरांनाही. माझे मत तसे नाही. हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्याची वेळ वेगळी, जागा वेगळी आणि ते वापरणारा माणूसही वेगळा. रुग्ण नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या खाटेवर पोचला की वैद्यकशास्त्र सुरू होते. त्याआधीची मिनिटे रस्त्यावर, धुऱ्यावर किंवा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर जातात, आणि तिथे हजर असतो तो पानठेलेवाला, शेजारीण किंवा दहावीतला मुलगा. काही दुखण्यांमध्ये माणूस जगणार की नाही, हे याच मिनिटांत ठरते. पुढे कितीही निष्णात हात लागले तरी ती मिनिटे परत मिळत नाहीत.

हा विचार तसा फार जुना नाही. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. पुढच्याच वर्षी पीटर शेफर्ड या लष्करी शल्यविशारदाने वूलविचमध्ये सामान्य नागरिकांसाठी वर्ग घेतले. जर्मनीत कील इथे फ्रीड्रिश फॉन एस्मार्क यांनी १८८२ मध्ये असेच वर्ग सुरू केले. हात गळ्यात अडकवण्यासाठी जी तिकोनी पट्टी आपण वापरतो, तिचा प्रसार त्यांचाच. दोघेही लष्कराशी जोडलेले डॉक्टर. जखमी माणूस आणि डॉक्टर यांच्यात जे अंतर पडते ते आणखी डॉक्टर नेमून मिटत नाही, शेजारच्या माणसाला शिकवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. भारतात हे वर्ग सेंट जॉन आणि रेडक्रॉसच्या मार्फत आले, रेल्वेत, गिरण्यांत आणि शाळांत रुजले.

नवख्या अभ्यासकाला सुरुवातीला गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे: इथले धडे बदलतात. नागपूरची ती संस्था १९५७ मध्ये सुरू झाली तेव्हा श्वास थांबलेल्या माणसाला पालथे निजवून पाठ दाबायची आणि हात वर उचलायचे, ही होल्गर नील्सन यांची पद्धत जगभर शिकवली जात होती. तीनच वर्षांनी ती मागे पडू लागली. सर्पदंशाच्या जखमेवर चिरा देऊन पोटॅशियम परमँगनेट भरावे, असा सल्ला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश डॉक्टरांनी दिला होता. आज तो अपायकारक मानला जातो. चाळीस वर्षांपूर्वी शाळेत जे शिकलो तेच खरे, असे धरून बसणाऱ्याला म्हणूनच हा विषय परका वाटेल. पण जुने चुकीचे ठरवून बाजूला ठेवण्याची तयारी असणे, ही कोणत्याही शास्त्राच्या जिवंतपणाची खूण आहे.

बहुतेक पाठ्यपुस्तके रक्तस्रावापासून सुरू होतात. नागपूरच्या वाचकाने मात्र उन्हापासून सुरुवात करावी. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. मे महिन्यात ४३-४४ अंश ही तर इथली नेहमीची गोष्ट. ऊन लागलेल्या माणसांत दोन प्रकारचे रुग्ण असतात, आणि त्यांच्यातला फरक ओळखणे हे विदर्भातल्या प्रथमोपचाराचे पहिले कौशल्य. एक माणूस घामाने निथळतो, डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात, पण तो शुद्धीवर असतो आणि विचारलेल्याचे नीट उत्तर देतो. त्याला सावलीत आडवे करा, पाय थोडे उंच ठेवा, अंगावरचे कपडे सैल करा आणि घोटाघोटाने ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कैरीचे पन्हे किंवा मीठ घातलेले ताकही चालते. तो तासाभरात सावरतो.

दुसरा माणूस असंबद्ध बोलू लागतो. चिडतो, झोकांड्या खातो, कोणाला ओळखत नाही, फीट येते किंवा तो बेशुद्ध पडतो. त्याची कातडी कोरडी असेलच असे नाही. रोजमजुरी करताना पडलेला माणूस घामाघूम असूनही या अवस्थेत असू शकतो. मेंदूवर परिणाम दिसला की हा उष्माघात समजायचा. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते, मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे अक्षरशः शिजत असतात, आणि ते किती वेळ शिजले यावर पुढचे सारे अवलंबून असते. जगभरच्या अभ्यासांनी इथे एक ठाम नियम दिला आहे: आधी गार करा, मग हलवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावून झाला की गाडीची वाट पाहत हात बांधून उभे राहायचे नाही. बादल्याच्या बादल्या पाणी अंगावर ओता. कपडे काढा किंवा भिजवा. बर्फ असेल तर मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा.

आणि नागपूरकरांजवळ एक साधन असते, ज्याची कल्पना परदेशी पाठ्यपुस्तकांना नाही. घरोघरी, दुकानोदुकानी असलेला वाळ्याचा कूलर. मे महिन्यातली इथली हवा कोरडी असते, म्हणून ओल्या अंगावरून जोराची हवा गेली की पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि ती वाफ शरीरातली उष्णता घेऊन जाते. रुग्णाला कूलरसमोर निजवायचे आणि दर मिनिटाला अंग पुन्हा ओले करायचे. अंगावर टाकलेला दुपट्टा सुकू द्यायचा नाही. सुकून गरम झालेले कापड उलट उष्णता कोंडते. पाऊस तोंडावर आला आणि हवा दमट झाली की हीच युक्ती कमी चालते, तेव्हा थेट गार पाणी आणि बर्फ यांच्यावर भर द्यावा. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळीही देऊ नका. ताप येतो तेव्हा मेंदूतले तापमानाचे नियंत्रणच वरच्या अंकावर गेलेले असते आणि गोळी ते खाली आणते. उन्हाने तापलेल्या शरीरात ते नियंत्रण बिघडलेले नसते, शरीराची गार होण्याची ताकद संपलेली असते. म्हणून गोळीचा उपयोग होत नाही, यकृताला त्रास मात्र होतो. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा हा इथल्या प्रत्येक आजीच्या मायेचा भाग आहे, आणि तो ठेवायला कोणाची हरकत नाही. फक्त तो आहे म्हणून डोक्याला दुपट्टा बांधायचे आणि दुपारी बारा ते चार कामाला थांबायचे राहून जाऊ नये.

अहमदाबादने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि नंतर नागपूरनेही आपला आराखडा तयार केला. पूर्वसूचना, पाणपोया, रुग्णालयांतले शीत कक्ष, या सगळ्याची त्यात सोय असते. या आराखड्यांचे मोल मोठे आहे. पण कडबी चौकात सायकलवरून कोसळलेल्या माणसावर पहिली बादली ओतण्याचे काम कोणताही आराखडा करू शकत नाही.

ज्या कूलरने एकाचा जीव वाचतो, तो दुसऱ्याचा घेतोही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागण्याच्या घटना विदर्भात दर उन्हाळ्यात घडतात. आई चिकटली म्हणून मुलगा धावतो आणि दोघेही जातात. म्हणून पहिली कृती रुग्णाला हात लावण्याची नाही. मेन स्विच बंद करायचा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडावर किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर उभे राहून कोरड्या काठीने माणसाला तारेपासून दूर ढकलायचे. आपल्या घरातला मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, माहीत असायला हवे. अर्थिंग तपासून घेणे आणि गळतीचा करंट आपोआप तोडणारा ब्रेकर बसवणे, हाही माझ्या लेखी प्रथमोपचाराचाच भाग.

हृदय पुन्हा सुरू करण्याचे आजचे तंत्र विजेच्या अपघातांच्या अभ्यासातूनच जन्मले. अमेरिकेत वीज कंपन्यांचे तारांवर काम करणारे कामगार शॉकने मरत होते. त्यामागचे कारण शोधायला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोव्हेन यांनी संशोधन हाती घेतले. ते डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत छातीवर जड इलेक्ट्रोड दाबून ठेवले की धमन्यांतला रक्तदाब किंचित वर जातो, हे त्यांच्या गटातल्या गाय निकरबॉकर या तरुण संशोधकाच्या लक्षात आले. वीज सोडण्याआधीच, केवळ दाबाने! त्या एका निरीक्षणाचा पाठपुरावा होत गेला आणि शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी १९६० मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा की बंद पडलेल्या हृदयासाठी छाती उघडायची गरज नाही, दोन हात पुरेसे आहेत, आणि ते कोणाचेही असू शकतात.

ते दोन हात कसे वापरायचे, हे वाचून कळते पण येत नाही. माणूस हाकेला उत्तर देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की सुरुवात करायची. उचकीसारखे, अडखळत येणारे श्वास हे श्वास नव्हेत. ते पाहून 'अजून जिवंत आहे, थांबा' असे म्हणणारा कोणीतरी हमखास असतो, त्याचे ऐकू नका. रुग्ण कडक जमिनीवर उताणा हवा. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ दिली पाहिजे. शिकलेल्यांनी तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत, न शिकलेल्यांनी नुसते दाबत राहिले तरी चालते. बुडालेल्या माणसाच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत मात्र श्वास महत्त्वाचे, कारण तिथे मूळ अडचण हवेची असते. अंबाझरी किंवा फुटाळा तलावातून काढलेल्या मुलाला उलटे टांगून पोट दाबण्यात गेलेली मिनिटे वाया जातात. हृदय थांबल्यावर मदतीविना गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. दोन मिनिटांत दमायला होते, म्हणून आळीपाळीने करायचे. एक नाजूक गोष्टही बोललीच पाहिजे. कोसळलेली व्यक्ती स्त्री असेल तर अनोळखी पुरुष छातीला हात लावायला कचरतात आणि मोलाची मिनिटे निघून जातात. हे काम शिकवताना वर्गातच हा संकोच उघडपणे बोलला जावा, स्त्री-पुरुष सगळ्यांसमोर.

पावसाळा लागला की विषयाचा केंद्रबिंदू शहरातून गावाकडे सरकतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा एका मोठ्या मृत्यू-अभ्यासाचा अंदाज आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबरमधले. नाग, मण्यार, घोणस (तिला विदर्भात परडही म्हणतात) आणि फुरसे या चौघांवर आपल्याकडे मिळणारी लस चालते. ही लस घोड्यांच्या रक्तातून बनते आणि तिला पर्याय नाही. त्यामुळे सर्पदंशातला प्रथमोपचार म्हणजे त्या लसीपर्यंतचा रस्ता मोकळा ठेवणे, एवढाच. अंगठ्या, कडे, जोडवी आधी काढून घ्या, कारण सूज चढते. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. माणसाला चालवू नका. घट्ट दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, साप मारण्यात वेळ घालवू नका.

या सगळ्यांत मण्यारीचा दंश मला सर्वांत जास्त भीतिदायक वाटतो. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तेही जवळजवळ वेदनेशिवाय. खूण दिसत नाही, सूज नसते. पहाटे पोट दुखू लागते, मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही, आणि घरचे समजतात की काहीतरी बाधले. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला निरोगी माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर सर्पदंश समजून दवाखान्याकडे निघायचे. साप दिसला नाही, हा पुरावा धरायचा नाही. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी इथे कोणत्याही औषधाइतकी मोलाची.

विंचवाचा विषय निघाला की डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव घ्यावेच लागते. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा हा मुलगा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकला आणि महाड परिसरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे फुप्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत मरत होती. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून त्यांची लक्षणे टिपली, आणि त्यांवरचा निबंध १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध वापरून पाहिले, मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यातून प्रथमोपचार करणाऱ्याने काय घ्यावे? विंचू चावल्यावर केवळ वेदना होत असतील तर धोका सहसा कमी असतो. पण दरदरून घाम, हातपाय गार पडणे, उलट्या, धाप, यांपैकी काही दिसले, आणि रुग्ण लहान मूल असेल तर विशेषकरून, मंत्र-उताऱ्याला फाटा देऊन थेट दवाखाना गाठायचा. औषध तिथे आहे.

कापसाच्या पट्ट्यात फवारणीचा धोका वेगळा सांगायला हवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. विष पोटातूनच नव्हे, कातडीतून आणि श्वासातूनही शिरते. माणसाला वाऱ्याच्या उलट्या दिशेला न्या, भिजलेले कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, स्वतःच्या हातात मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घाला. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल सोबत न्या, त्यावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.

संक्रांतीच्या आसपास नागपूरच्या प्रथमोपचाराला पुन्हा वेगळे वळण मिळते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तरी जानेवारीत दुचाकीस्वारांचे गळे, नाक, बोटे चिरली जातात. गळ्याला रुमाल गुंडाळून आणि वेग कमी ठेवून गाडी चालवावी. चिरले गेलेच तर नियम एकच: दाबा. स्वच्छ रुमाल, ओढणी, काहीही. मिळेल ते कापड जखमेवर तळहाताने घट्ट दाबून धरायचे आणि निदान दहा मिनिटे उचलून पाहायचे नाही. पाहण्याच्या मोहात तयार झालेली गुठळी निघते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवायचे. गळ्याच्या जखमेत रक्त वाहते तिथेच बोटांनी दाब द्यायचा, गळ्याभोवती पट्टी आवळायची नाही, आणि माणसाला आडवे ठेवायचे. हळद, कॉफी, चुना यांनी रक्त थांबत नाही, जखम मात्र मळते आणि शल्यविशारदाचे काम वाढते.

भाजणे, फीट आणि घशात अडकणे या तिन्हींवर स्वतंत्र प्रकरणे हवीत, इथे फक्त ओळख. भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते साधे पाणी, बर्फ नाही, तूप-पेस्ट नाही, फोड फोडायचे नाहीत. फीट आलेल्याला धरून ठेवायचे नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. आजूबाजूच्या वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काही द्या, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर रुग्णवाहिका. घशात घास अडकून खोकताही येत नसेल तर पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, नंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर धक्के. वर्षाच्या आतल्या बाळाला हे धक्के पोटाऐवजी छातीवर. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ही सूचना या साऱ्याहून उपयोगी.

आता त्या शंकेकडे वळतो, जी प्रत्येक नवशिक्याच्या मनात असते: माझ्यासारख्या साध्या माणसाने केलेल्या मदतीने खरेच फरक पडतो का? याचे मला माहीत असलेले सर्वांत भक्कम उत्तर नागपूरपासून दूर नाही. अभय आणि राणी बंग हे नागपूरच्याच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे घरोघर बाळंतपणे होत आणि जन्मतःच न रडलेली, श्वास न घेणारी बाळे दाईच्या हातात निळी पडत. दवाखाना कोसोन् कोस दूर. बंगांनी गावातल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले: बाळ कोरडे कसे करायचे, तोंडातला चिकटा कसा काढायचा, मास्क आणि फुग्याने फुप्फुसात हवा कशी भरायची, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. ३९ गावांत हे काम चालले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार काम झालेल्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. ज्या बाळाला पहिल्या मिनिटात हवा हवी असते, त्याच्यासाठी अंगणात उभी असलेली प्रशिक्षित शेजारीण ही शहरातल्या बालरोगतज्ज्ञाहून मोठी ठरते, हे त्या अभ्यासाने आकड्यांत दाखवले. प्रथमोपचार हे शास्त्र आहे असे म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर हा पुरावा असतो.

दुसरी शंका पोलिसांची. नागपूर हे देशाच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गांच्या छेदावरचे शहर. आता समृद्धी महामार्गही इथूनच निघतो. अपघात पाहून गाड्या पुढे जातात, कारण लोकांना कोर्टाच्या चकरांची धास्ती असते. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकले तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची सक्ती नाही. हे कलम शाळेच्या पुस्तकात छापले जावे असे मला मनापासून वाटते.

मदत करणाऱ्याचे काम रुग्णवाहिका आल्यावर लगेच संपत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे आणि गाडीत डॉक्टर असतात. त्यांच्या हाती रुग्ण देताना चार गोष्टी सांगायच्या: काय घडले, नेमके किती वाजता, तुम्हाला काय दिसले, आणि तुम्ही काय केले. 'दोन वाजून दहा मिनिटांनी पडला, आधी असंबद्ध बोलत होता, पंधरा मिनिटे पाणी ओतून कूलरसमोर ठेवला, तोंडाने काही दिले नाही.' पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाबाबत 'शेवटचा ठीक कधी पाहिला' हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ती वेळ घरच्यांशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही. म्हणून मोबाइलमध्ये किंवा मनगटावर पेनाने, जिथे जमेल तिथे, वेळ लिहून ठेवायची.